गहाण पडलेले राज्य

डेन्मार्क म्हटले की आपल्याकडील वाचकाला पहिल्याने आठवतो तो हॅम्लेट. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने त्याला मराठीत आणले आणि तेव्हापासून तो उदास राजपुत्र आपल्या ओळखीचा झाला. पण तो पडला नाटकातला. त्या देशाशी आपला खरा ऋणानुबंध जडला तो निराळ्याच ठिकाणी. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले ते बंगालमधील श्रीरामपूर येथे. आणि श्रीरामपूरवर त्या वेळी इंग्रजांचे नव्हे तर डेन्मार्कच्या राजाचे निशाण होते. पुढे १८४५ साली डेन्मार्कने श्रीरामपूर आणि दक्षिणेतील तरंगंबाडी ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकून टाकली व हिंदुस्थानच्या भूमीवरून बहुतेक पाय काढता घेतला.

मुलूख विकून रोकड करणे हा राजेलोकांचा फार जुना व्यवहार आहे. याच डेन्मार्कच्या चौथ्या वाल्डेमार राजाने १३४६ साली, म्हणजे श्रीरामपूरच्या विक्रीपूर्वी चारशे नव्व्याण्णव वर्षे, बाल्टिक समुद्रापलीकडचा एस्टोनिया प्रांत ट्युटॉनिक नावाच्या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाला विकला. किंमत आली एकोणीस हजार कोलोन मार्क चांदी. मार्क हे त्या काळचे वजन; कोलोनचा मार्क आजच्या मापाने सुमारे २३३ ग्रॅमचा. म्हणजे एकूण चांदी चार हजार चारशे किलोच्या घरात गेली. एवढी चांदी या राजाला कशासाठी हवी होती? राजवाडे बांधण्यासाठी नव्हे. त्याला आपले राज्य सावकारांकडून सोडवायचे होते. राज्ये जिंकल्याच्या आणि बुडाल्याच्या कथा इतिहासात पुष्कळ आहेत. अख्खे राज्य गहाण पडले आणि एका राजाने ते तुकड्यातुकड्याने सोडवून आणले, अशी कथा मात्र विरळा. ती सांगावी आणि जमल्यास तिचा जमाखर्चही मांडून पाहावा, म्हणून हा प्रपंच.

हे राज्य गहाण पडले कसे, ते आधी पाहिले पाहिजे. वाल्डेमारचा चुलता एरिक मेन्व्हेड याने १२८६ पासून १३१९ पर्यंत राज्य केले. उत्तर जर्मनीत आपला दरारा बसावा या हौसेपायी त्याने लढायांवर लढाया केल्या, भाडोत्री घोडेस्वार पोसले आणि मरताना मागे कर्ज ठेवले. १३२० साली त्याचा भाऊ दुसरा क्रिस्टोफर गादीवर आला. सरदार आणि धर्माधिकारी यांनी राज्याभिषेकापूर्वीच त्याच्याकडून एक करारनामा लिहून घेतला. त्यात कर बसवण्याचे आणि युद्ध करण्याचे त्याचे हात पुष्कळसे बांधून टाकले होते. तिजोरी रिकामी आणि कर वाढवण्याची मुभा नाही, अशा स्थितीत सापडलेला माणूस जे करतो तेच क्रिस्टोफरने केले. तो सावकाराच्या दारी गेला.

हे सावकार म्हणजे डेन्मार्कच्या दक्षिण सीमेवरील होल्स्टाइनचे जर्मन उमराव. त्यांतला मोठा गेर्हार्ड. हा लढवय्या आणि हिशेबी, दोन्ही होता. दुसरा योहान, हा तर क्रिस्टोफरचा सावत्रभाऊ. दोघांची आई एक, ॲग्नेस. पहिल्या नवऱ्याच्या, म्हणजे डेन्मार्कच्या राजाच्या खुनानंतर तिने होल्स्टाइनच्या घरात दुसरा संसार मांडला होता. म्हणजे गहाणखताच्या दोन्ही बाजूंना एकाच आईची लेकरे उभी होती.

गहाणाची रीत आपल्याकडच्या खेडुतालाही ओळखीची वाटेल. नजरगहाण आणि कबजेगहाण यांतला भेद ज्याच्या घरची जमीन कधी सावकाराकडे गेली त्याला समजावून सांगावा लागत नाही. डेन्मार्कमधले गहाण कबजाचे होते. सावकाराने चांदी द्यायची आणि किल्ल्यासह एक प्रांत ताब्यात घ्यायचा; तेथला सारा, दंडाची रक्कम आणि बंदरातली जकात त्याने खायची; आणि इतके खाऊनही मुद्दल जागच्या जागी उभे राहायचे. किल्ल्यात परका शिबंदीवाला बसला की त्याने रयतेकडून किती उकळावे याला विचारणारा कोण? राजाला प्रांत परत हवा असेल तर त्याने संपूर्ण रक्कम एकदम मोजावी. आणि ज्याचे प्रांतच गेले, त्याने ती रक्कम आणावी कोठून?

१३२६ मध्ये सरदारांनी आणि गेर्हार्डने मिळून क्रिस्टोफरला हाकलले आणि श्लेस्विगच्या अवघ्या बारा वर्षांच्या ड्यूकला गादीवर बसवले. हा गेर्हार्डचा भाचा होता, तेव्हा खरा कारभार मामाचाच. पुढे क्रिस्टोफर परत आला, पण परत येण्यासाठीही त्याला आणखी गहाणखते करून द्यावी लागली. १३३२ साली फाल्स्टर बेटावरील न्यूक्योबिंग येथे तो मरण पावला, तेव्हा राजा हे नाव सोडून त्याच्यापाशी जवळजवळ काही उरले नव्हते. युटलंडचा द्वीपकल्प आणि फ्यून बेट गेर्हार्डकडे. शीलंड आणि दक्षिणेकडील लहान बेटे योहानकडे. समुद्रापलीकडच्या स्कोने प्रांतातील लोकांनी होल्स्टाइनकरांच्या जाचाला कंटाळून बंड केले आणि ते स्वीडनचा राजा माग्नुस याला शरण गेले; माग्नुसने योहानला चौतीस हजार मार्क चांदी मोजून तो प्रांत विकत घेतला. यानंतर आठ वर्षे डेन्मार्कला राजाच नव्हता. सावकारांना त्याची गरज नव्हती.

ही कोंडी फुटली ती एका खुनाने. १३४० च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेला निल्स एब्बेसन नावाचा युटलंडचा एक साधा सरदार काही सोबती घेऊन राँडर्स गावात शिरला आणि त्याने गेर्हार्डला ठार मारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्कँडरबोर्गच्या लढाईत निल्सही पडला. पुढे दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क जर्मनांच्या टाचेखाली असताना काय मुंक या धर्मोपदेशक नाटककाराने १९४२ साली याच निल्सवर नाटक लिहिले. नव्या मालकांना त्यातला आशय तत्काळ समजला व त्यांनी ते बंद पाडले; १९४४ च्या जानेवारीत मुंकचा खून झाला. सहाशे वर्षांपूर्वीचा एक खून लोकांच्या मनात किती जागा होता, हे यावरून दिसते.

गेर्हार्ड गेल्यावर त्याच्या वारसांना आणि डेन्मार्कच्या सरदारांना, दोघांनाही तडजोड हवीशी झाली. क्रिस्टोफरला तीन मुलगे. थोरला एरिक बापाच्या हयातीतच गेला होता. मधला ऑटो १३३४ च्या लढाईत होल्स्टाइनकरांच्या हाती सापडून कैदेत पडला होता. धाकटा वाल्डेमार जर्मनीत सम्राट लुडविगच्या दरबारी परान्नावर वाढत होता. वय विशीच्या आसपास. ल्यूबेक शहरात बोलणी होऊन असे ठरले की, वाल्डेमारने श्लेस्विगच्या ड्यूकची बहीण हेल्विग हिच्याशी लग्न करावे. तिचा हुंडा ठरला चोवीस हजार मार्कांचा. पण तो रोख मिळायचा नव्हता. तेवढ्या रकमेला गहाण असलेला उत्तर युटलंडचा एक चतुर्थांश भाग सोडून द्यायचा, असा तो हुंडा होता. १३४० च्या २४ जूनला, संत जॉनच्या दिवशी, विबोर्गच्या लोकसभेत वाल्डेमार राजा म्हणून निवडला गेला. बायकोच्या हुंड्यात स्वतःच्या बापाच्या राज्याचा तुकडा मिळवणारा राजा मला तरी दुसरा आठवत नाही.

आता त्याची चाल पाहा. तेवढ्या एका तुकड्यावर त्याने कर बसवला आणि आलेल्या पैशातून शेजारचा तुकडा सोडवला. त्या दोन्हींच्या उत्पन्नातून तिसरा. जेथे चांदीने काम भागेना तेथे वेढा घातला, जेथे वेढा परवडेना तेथे वाटाघाटी केल्या. कोपनहेगन हाती आले, कालुंडबोर्ग आले, व्हॉर्डिंगबोर्गचा किल्ला आला. १३४७ च्या सुमारास शीलंड मोकळे झाले. जे सोडवणे आवाक्याबाहेरचे होते, त्याचा त्याने हट्ट धरला नाही. स्कोनेवरचा हक्क १३४३ मध्ये त्याने मोबदला घेऊन माग्नुसला लिहून दिला. त्याच वर्षी एस्टोनियात शेतकऱ्यांचा भयंकर उठाव झाला. दूरचा तो प्रांत सांभाळणे परवडणार नाही हे ओळखून तीन वर्षांनी त्याने तोही विकला. त्याच्या खापरपणजाने, म्हणजे विजयी वाल्डेमार म्हणून गाजलेल्या राजाने १२१९ साली रक्त सांडून तो मिळवला होता. डेन्मार्कचा तांबडा-पांढरा ध्वज त्याच लढाईत आकाशातून पडला अशी दंतकथा आहे. पूर्वजांच्या पराक्रमाची खूण विकून राहते घर सोडवण्याइतका हा तरुण राजा व्यवहारी होता. सौदा उरकल्यानंतर १३४७ मध्ये तो जेरुसलेमची यात्राही करून आला.

दोन-तीन वर्षांत प्लेगची ती काळी साथ डेन्मार्कमध्ये शिरली. घरेच्या घरे ओस पडली. धारेकऱ्यांवाचून जमिनी पडून राहिल्या आणि वारस न उरलेल्या पुष्कळ मिळकती राजाकडे आल्या. उरलेल्या लोकांवरचे कर मात्र हलके झाले नाहीत. युटलंडचे सरदार पुन्हा पुन्हा उठले. होल्स्टाइनकर त्यांना सामील झाले. १३५७ मध्ये फ्यून बेटावर ब्रोब्येर्ग येथे राजाने त्यांना हरवले. लोककथेत तो असा राजा आहे की, एखादा ओहोळ गिरणीचे चाक फिरवल्यावाचून समुद्राला मिळू द्यायचा नाही. या कथेत कौतुक आहे तसे कण्हणेही आहे. पाण्याला जो विसावा देत नाही, तो माणसांना काय देणार?

तथापि १३६० मध्ये कालुंडबोर्गला सभा भरली आणि राजा व प्रजा यांच्यात शांततेचा मोठा करार झाला. राजाने कायदा पाळावा, लोकांनी राजाशी इमान राखावे, परस्परांच्या जुन्या हक्कांना धक्का लावू नये, असा त्याचा मथितार्थ. वीस वर्षांपूर्वी गादीवर येताना ज्याने कसलाही करारनामा लिहून दिला नव्हता, त्याने आता लिहून दिला. मी या राजाचे चरित्र येथेच संपवले असते तर ते शाळेच्या पुस्तकात घालण्याजोगे झाले असते. कर्जबाजारी बापाच्या मुलाने कष्टाने घर सोडवले. मुलांनो, यावरून काय बोध घ्यावा? पण इतिहास मास्तरांच्या सोयीने थांबत नाही.

त्याच वर्षी त्याने स्कोने परत घेतले. स्वीडनचा माग्नुस आपल्याच मुलाशी भांडत होता, ती संधी वाल्डेमारने साधली. स्कोनेचे मोल केवळ जमिनीत नव्हते. दर शरद ऋतूत हेरिंग माशांचे थवे तेथल्या किनाऱ्याला लागत. स्कानोर आणि फाल्स्टरबो येथे प्रचंड बाजार भरे. ल्यूबेकचे व्यापारी ल्यूनेबुर्गचे मीठ आणत, मासे पिंपांत खारवून भरत आणि उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य असलेल्या साऱ्या ख्रिस्ती युरोपला पुरवत. ही जकात ज्याच्या हाती, त्याला सावकाराचे तोंड पाहण्याचे कारण उरत नाही.

पण सोडवण्याची सवय लागलेल्या हाताला घेण्याचीही सवय लागते. १३६१ च्या जुलैत वाल्डेमार गॉटलंड बेटावर उतरला. तेथील व्हिस्बी हे हान्सेचे, म्हणजे उत्तर युरोपातील व्यापारी शहरांच्या संघाचे, श्रीमंत शहर. त्याला भक्कम तट. बेटावरचे शेतकरी मिळेल ते हत्यार घेऊन राजाच्या कसलेल्या फौजेसमोर उभे राहिले. २७ जुलैला शेवटची लढाई झाली ती शहराच्या तटाला लागून. शहराने दरवाजे उघडले नाहीत. आतले सावकार पाहत राहिले आणि बाहेर सुमारे अठराशे शेतकरी कापले गेले. दोन दिवसांनी त्याच शहराने राजासाठी दरवाजे उघडले. राजाने बाजारात बिअरची तीन पिंपे ठेवून ती सोन्यारुप्याने भरून मागितली, अशी आख्यायिका आहे. १८८२ साली हेल्क्विस्ट या स्वीडिश चित्रकाराने तो प्रसंग रंगवला, आणि स्वीडनमध्ये आजही वाल्डेमारचा चेहरा म्हणून लोकांपुढे येतो तो त्या चित्रातला.

आख्यायिका बाजूला ठेवू. मातीने जी साक्ष दिली ती पुरेशी आहे. १९०५ पासून १९२८ पर्यंत तटाबाहेर खणताना सामुदायिक कबरी सापडल्या. तीन कबरींतून ११८५ माणसांचे सांगाडे निघाले. कवट्यांवर कड्यांच्या चिलखती टोप्या तशाच होत्या. उन्हाळ्याच्या दिवसांत प्रेते घाईने पुरली, तेव्हा ते लोखंड काढून घेण्याचेही कोणी मनावर घेतले नसावे. कित्येकांच्या नडग्यांवर तलवारीचे घाव होते. मेलेल्यांत मिसरूड न फुटलेली मुले होती, म्हातारे होते, हाडांच्या दुखण्याने अधू झालेली माणसेही होती. यांपैकी कोणी वाल्डेमारच्या बापाला कर्ज दिले नव्हते. त्याच्या जमाखर्चात ही माणसे कोणत्या बाजूला मांडायची, हा प्रश्न मला सुटत नाही. आणि तो वगळून त्याची थोरवी गाणाऱ्यांशी माझे जमत नाही. वाल्डेमारने त्या विजयानंतर ‘गोथांचा राजा’ हा किताब धारण केला. डेन्मार्कचे राजे तो पुढे सहाशे वर्षे मिरवीत होते. १९७२ साली राणी दुसरी मार्गरेटे गादीवर आली तेव्हा तिने तो सोडला.

व्हिस्बीच्या तडाख्याने हान्से खवळली. जहाजांवर खास पट्टी बसवून तिने आरमार उभारले. १३६२ मध्ये ल्यूबेकचा नगराध्यक्ष योहान विटेनबोर्ग ते घेऊन हेलसिंगबोर्गवर आला. त्याने माणसे किनाऱ्यावर उतरवली आणि वाल्डेमारने मागची जहाजे पकडली. ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांनी पराभवाचा हिशेब व्यापाऱ्यांच्याच काटेकोरपणे केला: दुसऱ्या वर्षी आपल्या नगराध्यक्षाचे डोके भर बाजारात उडवले.

त्या १३६३ सालात वाल्डेमारच्या घरात दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये त्याची सर्वांत धाकटी मुलगी मार्गरेटे, वय वर्षे दहा, नॉर्वेचा तरुण राजा होकोन याला दिली. दोन महिन्यांनी त्याचा वयात आलेला एकुलता मुलगा क्रिस्टोफर वारला. तेवीस वर्षे ज्याच्यासाठी घर सोडवीत आणले, तो वारसच गेला. राणी हेल्विगविषयी कागद फार थोडे बोलतात. ती १३७४ च्या सुमारास वारली आणि एस्रुमच्या मठात तिला मूठमाती मिळाली. लोकांनी मात्र राजाला एक प्रेयसी बहाल केली, तिचे नाव टोवे, आणि गुरे येथील त्याच्या आवडत्या वाड्यात ते प्रेम फुलवले. ही कथा मुळात त्याच्या एका पूर्वजाची. लोकांनी ती याच्या खात्यावर चढवली. कादंबरी लिहिणाऱ्याला मोह पडावा असा हा मालमसाला आहे. पण हेल्विगचा हुंडा नसता तर या राजाला उभे राहायला हातभर जमीन मिळाली नसती, हे आठवले की टोवेपेक्षा त्या अबोल राणीपाशीच माझे मन रेंगाळते.

१३६७ मध्ये हान्सेच्या शहरांनी कोलोनला जमून एकी केली. दंतकथा सांगते की, वाल्डेमारने त्यांची सत्याहत्तर हंसिणी म्हणून टवाळी केली आणि व्हॉर्डिंगबोर्गच्या मनोऱ्यावर सोन्याची हंसीण बसवली. तो छत्तीस मीटर उंचीचा मनोरा अजून उभा आहे. परंतु या खेपेस हंसिणींच्या जोडीला मेक्लेनबुर्ग, स्वीडन, होल्स्टाइन आणि युटलंडचे नाराज सरदारही होते. १३६८ च्या वसंतात राजा कारभार हेनिंग पोडेबुस्क याच्यावर सोपवून देश सोडून गेला. कोपनहेगन लुटले गेले. तेथला किल्ला शत्रूने दगडादगडाने उतरवला. २४ मे १३७० रोजी स्ट्रालसुंड येथे तह झाला. स्कानोर, फाल्स्टरबो, माल्मो आणि हेलसिंगबोर्ग हे चार किल्ले पंधरा वर्षांसाठी हान्सेकडे, आणि त्यांच्या उत्पन्नाचे दोन तृतीयांशही तिच्याकडे. शिवाय पुढचा राजा निवडताना हान्सेला विचारायचे. म्हणजे ज्याने आयुष्यभर गहाण सोडवले, त्याच्या राज्याचे नाक पुन्हा सावकाराच्या चिमटीत आले. राजा परतला, तह त्याने मुकाट्याने मानला, आणि २४ ऑक्टोबर १३७५ रोजी गुरेच्या वाड्यात त्याने देह ठेवला.

पुरुष वारस नव्हता. थोरली मुलगी मेक्लेनबुर्गच्या घरात दिली होती. तिच्या मुलाचा हक्क जुना. पण बावीस वर्षांची मार्गरेटे आपल्या पाच वर्षांच्या ओलाफला घेऊन पुढे आली आणि १३७६ मध्ये तिने त्याचीच निवड करवून घेतली. हान्सेशी ती भांडली नाही. पंधरा वर्षांची मुदत तिने मोजली आणि १३८५ साली ती भरताच चारही किल्ले परत ताब्यात घेतले, एक मार्क चांदी न देता. दोनच वर्षांनी सोळा वर्षांचा ओलाफ मरण पावला, तोही त्याच चार किल्ल्यांतल्या फाल्स्टरबोला. त्या आघातानंतरही ती मागे सरली नाही. डेन्मार्कने तिलाच राज्यकर्ती निवडले. मग नॉर्वे आणि स्वीडन तिच्या हाती आले, आणि १३९७ मध्ये काल्मार येथे तिन्ही राज्ये एका छत्राखाली आली. बापाने गणतीत न धरलेली मुलगीच त्याची खरी वारस ठरली.

वाल्डेमारला डॅनिश लोक ‘आटरडाग’ म्हणतात. त्याचा सरळ अर्थ पुन्हा दिवस, म्हणजे रात्रीनंतरची पहाट. पण काही अभ्यासकांच्या मते हा शब्द जर्मन बोलीतल्या एका उद्गारावरून आला. त्याचा भाव साधारणतः ‘काय हे दिवस आले!’ असा. शीलंडच्या माणसाने पहिला अर्थ घ्यावा आणि गॉटलंडच्या माणसाने दुसरा, हे मला रास्त वाटते.

मार्गरेटेने बापाचे शव व्हॉर्डिंगबोर्गहून हलवून शीलंडमधील सोरो येथील मठाच्या चर्चमध्ये नेले. तेथेच दुसऱ्या क्रिस्टोफरची कबर आहे, वर त्याच्या आणि राणीच्या ब्राँझच्या मूर्ती निजलेल्या. राज्य गहाण टाकणारा बाप आणि ते सोडवणारा मुलगा आता एकाच छपराखाली आहेत. मुलगीही आधी तेथेच होती. वर्षभरात रोस्किल्डच्या धर्माधिकाऱ्यांनी तिला आपल्या मोठ्या चर्चमध्ये नेले. व्हिस्बीच्या तटाबाहेर, ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांच्यासाठी एक दगडी क्रूस उभा आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, असे त्यावर कोरले आहे.